चहापुरता स्टोव्ह

६ जुलै १९८०, रविवार

मठाच्या माळावर बावीस प्लॉट आहेत आणि पाणी अकरांना पुरेल एवढं येतं. उरलेले अकरा नळ सकाळी नुसते सुस्कारे टाकतात. अशा ठिकाणी कोपऱ्यावरच्या प्लॉटवर जयसिंगपूरचा एक तंबाखूवाला चार मजली इमारत उठवणार आहे. सोळा फ्लॅट! त्याचा माणूस चुन्याच्या रेघा मारत होता. मी विचारलं, "सोळा बिऱ्हाडांना पाणी कुठनं देणार?" तर म्हणाला, "पावणं, त्याची काळजी तुमी कशाला करताय? आमी पंप लावून वडून घेणार की." कोणाचं ओढून घेणार, ते सांगायची त्याला गरज वाटली नाही.

आजच्या अंकात माझा 'चिमटा' याच विषयावर आलाय. शाळेत मराठी शिकवून माझं पोट भरतं, पण गाव मला ओळखतं ते या साप्ताहिकातल्या 'चिमटा' सदरामुळं. ओळखतं आणि टाळतं. बनाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवला. "बरं झालंय," म्हणाली आणि अंक घेऊन आत गेली. माझे सगळे जुने अंक ती आत एका जागी जपून ठेवते. लेखकाला स्वतःच्या घरात एवढा मान क्वचितच मिळत असेल.

१३ जुलै

आमच्या सोप्यात सभा झाली. 'माळ बचाव समिती' स्थापन. मी चिटणीस, कारण शुद्धलेखन येणारा दुसरा कोणी नव्हता. मागणी अशी: माळ हा 'विरळ वस्तीचा विभाग' ठरवावा. तळमजला आणि वर एकच मजला. एका प्लॉटवर फार तर दोन बिऱ्हाडं. सभ्य माणसाला तिसरं लागतं कशाला?

तानाबाईंना चार मुलगे आणि त्याहून जास्त शंका. "मास्तर, बिऱ्हाड म्हंजे नेमकं काय वो? थोरला माडीवर झोपतोय, जेवतोय खाली. त्येचं काय धरायचं?"

मी एकाहत्तर सालची खानेसुमारी केलेला माणूस. तिथली व्याख्याच अर्जात घातली. एका चुलीवर जेवतात ते एक बिऱ्हाड. आणि चूल म्हणजे जिच्यावर दोन वेळचा भात-भाकरी होते ती. पुढं एक वाक्य मुद्दाम टाकलं: 'चहापुरता स्टोव्ह चूल समजू नये.' माझ्या लिहायच्या खोलीत एक आहे. उद्या कोणी शहाणा त्याला चूल म्हणायचा.

सह्या गोळा केल्या. बावीसपैकी एकवीस. बाविसावी राहिली ती माझ्याच प्लॉटच्या मागल्या अर्ध्या भागातली, म्हणजे कृष्णातची. तो माझा धाकटा भाऊ. उद्यमनगरात फाउंड्रीत आहे. बहात्तर सालापासून आमचं बोलणं नाही, चूल वेगळी, त्याच्या घरचं मी पाणीही घेत नाही. कारण अगदीच क्षुल्लक. त्यानं जुनी मोटरसायकल घेतली होती. ती चालू व्हायची नाही, पण लोकांनी बघावी म्हणून हा रोज संध्याकाळी तिला हार घालून रस्त्यानं ढकलत फिरवायचा. मी त्यावर 'ढकलगाडी' नावाचा चिमटा लिहिला. तेव्हापासून कारखान्यात त्याला 'ढकल' म्हणतात. माझा काय दोष? मी नाव घेतलं नव्हतं. फक्त गाडीचा नंबर दिला होता.

१२ फेब्रुवारी १९८१

पुन्हा खानेसुमारी. माळ माझ्याच वाट्याला आलाय. दारोदार फिरून माणसं, जनावरं, संडास आणि खोटं बोलणं मोजतोय. सरकारी कागद भरता भरता एका वहीत माळावरच्या चुलींचीही यादी करतोय, समितीतर्फे कचेरीला देण्यासाठी. तंबाखूवाल्यानं पाया खणायला घेतलाय. आता घाई पाहिजे.

आज आमच्याच प्लॉटवर आलो. पुढं आम्ही दोघं, मुलगी गेल्या वर्षी सासरी गेली. मागं कृष्णात आणि शालू. परसात खतिजाबीच्या दोन खोल्या. तिचा नवरा मौला बांगड्या विकायचा, त्याला वडिलांनी अठ्ठावन्न साली जागा दिली. तो गेला, ती राहिली. आता डोक्यावर टोपली घेऊन तीच माळभर बांगड्या भरते.

माझ्या घरचा कागद मी न विचारताच भरला. बना म्हणाली, "इचारून तरी लिवा की."

"माझ्या घरातलं मला विचारायचं?"

"दुसऱ्यांस्नी इचारताय न्हवं?"

तिला सरकारी काम कळत नाही.

कृष्णात कामावर होता म्हणून खिडकीतून शालूला विचारलं. घरात माणसं किती? "दोन." जेवायला किती? "चार," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हटलं, दोन माणसं चार कशी जेवतात? "मी सांगितलो की. तुमाला काय लिवायचं ते लिवा." माळावरच्या इतर बायकांसारखीच ही स्वतःला 'मी गेलो, मी सांगितलो' म्हणते. लिंगच धड नाही, तिथं संख्या कुठली धड असणार? सकाळचे दोन आणि रात्रीचे दोन असे मोजले असावेत. मी दोन लिहिले.

वहीत लिहिताना मात्र हात थांबला. पुढची एक, मागची एक, परसातली एक. तीन! अर्ज करताना खतिजाबी ध्यानातच आली नाही. ती मोजण्यातली आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पण यादी खोटी देणं माझ्यानं होणार नाही. तीन लिहिल्या आणि सही केली. असले अर्ज मंजूर होईपर्यंत मी निवृत्त झालेला असेन.

१५ मार्च, रविवार

मंजूर झाला. कचेरीनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट वेळेवर केली.

माळ विरळ ठरला. तंबाखूवाल्याचं काम बंद. पायाच्या खड्ड्यात पोरं गोट्या खेळतायत. देवळात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. मी बोललो, "ज्या गावाला आपल्या चुली मोजता येत नाहीत..." वगैरे. टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यात बना, शालू आणि खतिजाबी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. 'चुली मोजता येत नाहीत' या वाक्याला तिघी एकदम खोकल्या.

१८ मार्च

नोटीस आली. बावीस घरांना बावीस. 'प्रत्येक भूखंडावर दोनच चुली ठेवून जादा चूल व ती असलेल्या खोल्या ३० एप्रिलपर्यंत बंद कराव्यात. पाहणी होईल.' खाली बारीक अक्षरात: 'आधार: समितीने दिलेली यादी.'

सत्काराचा नारळ अजून फोडलेला नाही आणि सगळा माळ माझ्या दारात. तानाबाई सोप्यात बसकण मारून म्हणाल्या, "मास्तर, माझ्या घरात चार चुली तुमी लिवल्यासा. त्यातल्या दोन सुना आता कुठं ठिवू? तुमच्या शालीत गुंडाळू?"

"अर्जावर तुमचा अंगठा आहे, तानाबाई."

"अंगठा तंबाखूवाल्याच्या विरुद्ध लावलोय, माझ्याच सुनांच्या न्हाय!"

याचा अर्थ, अर्ज कोणी वाचलाच नव्हता. इतकी वर्षं मी लिहितोय ते तरी कोण वाचतं, कोण जाणे.

२१ मार्च, धुळवड

मटण. बनाच्या हातचा तांबडा रस्सा म्हणजे काय सांगावं! मागल्या दारीही नेमकं मटणच असावं. सकाळपासून कांदं-खोबरं भाजल्याचा वास तिकडूनच येत होता आणि भाकऱ्या थापल्याचा आवाज चांगला तासभर. दोन माणसांना एवढ्या भाकऱ्या? कृष्णात पहिल्यापासून खादाड. मी बनाला म्हटलं, "शालूच्या रश्शाला असली चव यायची नाही. वासावरनंच कळतं, नुसती चटणी ओतते."

बना म्हणाली, "व्हय? सांगतो तिला."

"माझं नाव सांगू नको."

भाकरी तेवढी नेहमीसारखी कोमट होती. नऊ वर्षं झाली, सोप्यात येईपर्यंत हिची भाकरी निवते. आमचं स्वयंपाकघर काय राधानगरीला आहे?

२४ मार्च

नोटिशीचं शांतपणे बघितलं तर आमच्यापुढं दोन वाटा. एक, खतिजाबीनं जायचं. दुसरी, मी आणि कृष्णातनं चूल एक करायची. दुसरी शक्य नाही. पहिली सांगायला मी आज परसात गेलो. खतिजाबी बांगड्यांच्या जुड्या बांधत होती. मी विभाग, आराखडा, घनता असं बरंच बोललो.

तिनं ऐकून घेतलं. "मास्तर, इतकं फिरून कशाला बोलताय? म्हातारे, ऊठ, म्हना की."

"तसं नाही खतिजाबी. नियम आहे."

"नियम कुनी केला?"

"कचेरीनं."

"कचेरीला कुनी सांगितलं?"

मी जास्वंदीकडं बघत राहिलो.

"राधानगरीला माझा भाऊ गौस हाय," ती म्हणाली. "त्याच्याकडं जाईन. तिकडं चार म्हैनं नुसता पाऊस. बायका चिखलात रोपं लावत्यात, बांगड्या कोन भरनार? पन जाईन. तुमच्या बनाला मुलगी झाली तवा पयल्या काळ्या बांगड्या मी घातल्या. तुमची शालू लगीन होऊन आली तवा चुडा मी भरला. आता विरळ करा म्हनता तर करा. पन एक सांगू? तुमी चुली मोजल्या त्या उभं ऱ्हाऊन मोजल्या. कदी बसून मोजा."

याचा अर्थ लागला नाही. रागानं माणूस काहीही बोलतो.

८ एप्रिल

मी आणि कृष्णात एकमेकांशी बोलत नाही. तो मोटरसायकलशी बोलतो, मी जास्वंदीशी. गाडी अजून आहे. नऊ वर्षांत पाच-सहा वेळा तरी चालू झाली असेल.

आज गाडी पुसता पुसता तो तिला म्हणाला, "काय गं, जायाचं का उद्यमनगरात? एक खोली बघून ठिवलीया. पत्र्याची हाय, पन आपल्याला काय. म्हातारीनं ह्या वयात कुठं जायाचं?"

मी जास्वंदीला म्हणालो, "त्याग करायला लोकांना फार आवडतं. ऐकणारं कोणी असलं की."

तो गाडीला म्हणाला, "काई लोकांनी लिवायचं सोडलं तर निम्मं गाव सुखात झोपंल."

मी जास्वंदीची दोन चांगली पानं खुडली. तो गेला तर दोन चुली उरतात, खतिजाबी राहते, मीही सुटतो. मग बरं का वाटत नाही? वडिलांनी प्लॉट दोघांच्या नावानं घेतला होता. हे मी बनाला सांगितलं नाही. आमटी आज खारट होती. मागून कृष्णातही शालूवर ओरडत होता, "मीठ काय ढकलून दिलंयस का काय!" एकाच दिवशी दोन्ही घरांत मीठ जास्त. माळावरचं पाणीच बिघडलं असावं.

१५ एप्रिल

खतिजाबीनं गवताचे पेंढे आणलेत. ट्रंकेत एक थर गवत, एक थर बांगड्या. बना आणि शालू दोघी तिला मदत करत होत्या. मी दिसताच तिघी गवताबद्दल बोलायला लागल्या. बना आठ दिवस माझ्याशी नेमकंच बोलते आहे. भांडत असती तर मी जिंकलो असतो.

चिमटा लिहायला बसलो. विषय सुचेना. संपादकांचा निरोप आला, विरळ वस्तीवर काहीतरी खुसखुशीत द्या. त्यांना म्हटलं, दाढ दुखतेय.

२२ एप्रिल

आज जसं झालं तसं लिहितो.

सकाळी पाहणीला ओव्हरसिअर आला. आकाराम नाव, हातात वेताची छडी. "मास्तर, तुमचा अर्ज मला पाठ झालाय. माळावर सगळीकडं त्योच वाचून दाखवतोय. 'चहापुरता स्टोव्ह चूल समजू नये.' काय लिवलंय! तानाबाईनं चुलीवर डालगं घालून त्यात कोंबडी बसवली होती. मी म्हटलं, कोंबडी उठवा. खाली इस्तू." मग म्हणाला, "चला, तुमची चूल दाखवा."

मी पुढं झालो. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत माठ आहे. पाणी पिऊन मी तिथूनच वळतो. आत असा कधी गेलो होतो, आठवत नाही.

चूल होती. तिच्या तोंडात, वैलावर आणि मागं भिंतीपर्यंत माझे अंक होते. बहात्तरपासूनचे. वर्षावार सुतळीनं बांधलेले.

आकारामनं छडीनं एक गठ्ठा हलवला. "काय वो वहिनी, ही चूल कदी पेटली होती?"

"लई वर्सं झाली," बना म्हणाली.

"एवढा कागूद असून?"

मी म्हटलं, "मग आपण जेवतो कुठलं?"

ती माझ्याकडं बघून नाही, आकारामकडं बघून बोलली. "वेगळं झाल्यावर पंधरा दिवस पेटवली. मग लाकडं संपली. शालू म्हटली, आक्का, माझ्याकडं जाळ हायच, परात घिऊन ये. गेलो. तवापास्नं पीठ आमचं, जळण तिचं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलासा कदी? खानेसुमारीत तरी इचारा म्हटलं होतं."

आम्ही बाजूनं फिरून मागं गेलो. शालूच्या चुलीवर मोठा तवा, शेजारी आमची पितळी परात, जिच्यावर माझ्या आईचं नाव कोरलंय. दोन पाट शेजारी शेजारी. कृष्णात दारात दाढी करत होता. त्याला ठाऊक होतं. आम्हाला बघूनही त्याचा वस्तरा थांबला नाही, त्यावरून मला कळलं, त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. नऊ वर्षं मी त्याच्या घरचं पाणी न घेता त्याच्या चुलीवरची भाकरी खात होतो, आणि कोमट आहे म्हणून कुरकुरत होतो.

खतिजाबी तिच्या दारातून म्हणाली, "लिवा सायब. माझी एक. त्यांची एक. मास्तरांची कुठं हाय?"

आकारामनं लिहिलं: चुली दोन.

म्हणजे कोणीच जायला नको. मी तेवढा श्वास घेतला, तोवर त्यानं बारीक अक्षर काढलं. "पन तुमच्या यादीत तीन हायत, तुमच्याच सहीनं. ती खोडायची तर दोगा भावांनी समक्ष कचेरीत येऊन लिवून द्याय पायजे. 'आमची चूल एक आहे.' तीस तारखेला पाचच्या आत. न्हायतर कागदावरचं तीन खरं धरणार आणि परसातल्या खोल्यांना कुलूप."

"तुम्ही डोळ्यांनी दोन बघितल्यात ना?"

"डोळ्यांनी बगून काय हुतंय मास्तर? तुमीबी इथंच ऱ्हाताय की."

२४ एप्रिल

दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे शाळेजवळ भजी खाल्ली. ज्याच्याशी बोलत नाही त्याचं खायचं नाही, एवढी तत्त्वं मला आहेत. त्यानं पुढं होऊन एक शब्द बोलावा, मी लगेच सही करायला तयार आहे. धाकटा तो आहे.

आज माझ्या खोलीतल्या स्टोव्हवर भात टाकला. पंप मारता मारता बना दारात येऊन उभी राहिली.

"काय करताय?"

"भात."

"स्टो चहापुरता हाय न्हवं?"

"माझा स्टोव्ह आहे, मी काय वाटेल ते शिजवीन!"

"शिजवा की. पन भात झाला की ती चूल झाली. तुमीच लिवलंय. मग खरंच तीन हुतील, आनि म्हातारीला जावं लागंल."

मी माझ्या वाक्यरचनेत कुठं पळवाट आहे का ते आठवून पाहिलं. नाही. इतकं बिनचूक वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

भात उतरवला, चहा ठेवला. रात्री बनानं ताट आणलं. भाकरी कोमट. खाल्ली.

३० एप्रिल

दुपारी शाळेतून लवकर आलो आणि सोप्यात बसून राहिलो. कृष्णात कामावर गेला नव्हता. मागं त्याच्या फेऱ्या ऐकू येत होत्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. तोही वाट बघत होता. तीन वाजले. साडेतीन वाजले.

खतिजाबी ट्रंक घेऊन पुढल्या दारानं निघाली. ट्रंक एका बाजूनं बना, दुसऱ्या बाजूनं शालू. आत बांगड्या किणकिणत होत्या.

"पाचची यष्टी हाय," ती मला म्हणाली. "तुमी बसा मास्तर. उठू नका. तुमचं चालू द्या."

बनानं माझ्याकडं बघितलंही नाही. मी तिला थांब म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की थांबवायला माझ्याकडं एकही वाक्य नाही. आठशे शब्दांचा चिमटा मी एका बैठकीत लिहितो.

उठलो आणि मागं गेलो. दोन्ही घरांमधलं दार नऊ वर्षं मी उघडलं नव्हतं. कडी गंजलेली असेल म्हणून जोरात हिसडली. तिला तेल घातलेलं होतं.

कृष्णात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. काहीतरी म्हणायला हवं होतं. काय म्हणायचं ते आठ दिवस पाठ केलं होतं. तोंडातून आलं ते असं: "गाडी हाय का चालू?"

"ढकलावी लागंल," तो म्हणाला.

तो वर बसला. मी मागून ढकलली. माळाच्या चढाला उन्हात, धोतराचा सोगा तोंडात धरून, बावीस प्लॉटांसमोरून. तानाबाई दारात आल्या. मग आत जाऊन चौघी सुनांना बाहेर घेऊन आल्या. देवळाजवळ बना, शालू आणि खतिजाबी ट्रंकेसह रस्त्याच्या कडेला झाल्या. कोणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, हार घाला की गाडीला!" उताराला लागल्यावर गाडी एकदम भडभडत चालू झाली आणि कृष्णात ओरडला, "आण्णा, बस!" नऊ वर्षांनी ऐकलं ते एवढंच. पळत पळत बसलो.

पाचला सात मिनिटं असताना लिहून दिलं. 'आमची चूल एक आहे.' खाली दोन सह्या. कारकुनानं विचारलं, कधीपासून? मी कृष्णातकडं पाहिलं. तो म्हणाला, "पयल्यापास्नं लिवा."

३ मे, रविवार

खतिजाबीनं बांगड्या पुन्हा टोपलीत लावल्या. राधानगरीचं भाडं वाचलं म्हणून आज आम्हा चौघांना तिच्याकडचा शिरखुर्मा. सणाचा नाही, असाच. माळावर बाकी कोणी माझ्याशी बोलत नाही. तानाबाईच्या दोन सुनांनी चुली मोडल्या आणि चौघी उरलेल्या दोन चुलींपुढं भांडतात. त्या भांडणात माझं नाव रोज निघतं. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात आता घाण पाणी साठलंय. डास मात्र विरळ नाहीत.

जेवताना मी कृष्णातला विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "एवढं काय होतं रे त्या लेखात? मी नाव घेतलं नव्हतं."

तो बोटं चाटत म्हणाला, "नंबर घातलातास. पन त्योबी चुकीचा. शेवटचा आकडा तीन हाय. तू आठ लिवलातास."

"मग लोकांनी तुला ओळखलं कसं?"

"कुणी न्हाय वळखलं." तो जरा हसला. "मीच घिऊन गेलतो पेपर कारखान्यात. वरचं नुसतं 'ढकलगाडी' वाचलं, खाली तुजं नाव बघितलं. म्हटलं, आण्णानं आपल्या गाडीवर लिवलंय, पेपरात! पंधरा अंक घेतलं, सगळ्यास्नी वाटलं. मग फोरमननं मोठ्यानं वाचाय सुरवात केली."

शालू त्याच्या ताटात वाढत होती. तिनं न मागता आणखी एक पळी वाढली.

घरी आल्यावर मी एकटाच स्वयंपाकघरात गेलो. चुलीपुढं बसलो आणि बहात्तरचा गठ्ठा सोडला. तो अंक सापडला. तिसऱ्या पानावर, दुसऱ्या स्तंभात, मधोमध. आठच आहे.

प्रूफ मीच तपासलं होतं.